ग्रॅममधला माणूस

हा माणूस एव्हाना तुमच्याही कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असणार. रविवारी सकाळी काकांचं सुप्रभात आणि आत्याने टाकलेले गजानन महाराज यांच्या मधोमध त्याचा मजकूर येतो, ‘आज 212 ग्रॅम.’ कशाचे, कोणाचे, काही नाही. अकोल्याच्या मावशीला वाटतं पोराने सोनं घेतलं, ती अभिनंदन करून मोकळी होते. मग खुलासा होतो की हे वजन हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये, मागच्या बाल्कनीलगतच्या खोलीत वाढणाऱ्या बॉल पायथनचं आहे. मूळचा मंगरूळपीरचा, सॉफ्टवेअरमध्ये, तिशीला टेकलेला असा हा गडी. गावाकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो, “किती लांब हाये रे?” त्यावर याचं उत्तरही ठरलेलं, “लांबी नाही सांगता येत, ग्रॅममध्ये सांगतो.” इथे बहुतेकांचा धीर सुटतो. माझा मुद्दा मात्र असा आहे की सापांविषयी बोलणाऱ्या आपल्या समस्त मुलखात विश्वास ठेवावा असा हा एकच माणूस निघाला आहे, आणि तो ग्रॅममध्ये बोलतो म्हणूनच निघाला आहे.

पुरावा पाहा. वऱ्हाडात साप लांबीने सांगतात, आणि लांबी सांगणाऱ्याच्या दोन हातांवर अवलंबून असते. सोयाबीनची सुडी उचलताना खालून धामण निघाली तर ती साधारण सहा-सात फुटांची असते. शेलूबाजारपर्यंत बातमी जाते तोवर ती नऊ फूट होते, मंगरूळपीरच्या बसस्टँडवर बारा, आणि चहा होईस्तोवर तिने गाईच्या पायांना विळखा घालून दूधही प्यायलेलं असतं. इतक्या वेगाने वाढणारा प्राणी जीवशास्त्राला ठाऊक नाही. कोणी पुरावा म्हणून कात आणून दाखवतो, पण टाकताना कात ताणली जाते आणि मूळ सापापेक्षा चांगलीच लांब भरते. ही खोड फक्त आपलीच आहे असं समजून लाजायचं कारण नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी 30 फुटांहून लांब सापासाठी 1,000 डॉलरचं बक्षीस लावलं होतं. न्यूयॉर्कच्या प्राणिसंस्थेने ते पुढे वाढवत 50,000 डॉलरवर नेलं. जंगलात तीस-चाळीस फुटी अजगर बघून आलेल्यांची जगात वाण नव्हती, पण बक्षीस घ्यायला कोणी आलं नाही. फुटांचं असं असतं. आमच्या माणसाच्या ग्रॅममध्ये कोणाचे हात नसतात.

शिवाय त्याला दुसरा मार्गही नाही. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा लहान चणीचा अजगर घाबरला की डोकं मध्ये दडवून स्वतःचा चेंडू करतो. चेंडूची लांबी कशी मोजणार? वजन मात्र आयतं होतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, आधी रिकाम्या डब्यावर काटा शून्य करायचा, मग आत पिल्लू. आकडा 211 आणि 213 मध्ये डुचमळतो, आमचा गडी श्वास रोखून थांबतो, 212 वर ठरला की फोटो. त्याच काट्यावर पुढच्या रविवारचा उंदीरही मोजला जातो, कारण पिल्लाला आठवड्याला त्याच्या वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के खाणं लागतं. उंदीर फ्रिजरमध्ये मटारशेजारी असतात. घरात याविषयी काय बोललं जातं ते इथे छापण्याजोगं नाही.

आता आक्षेप. पहिला जाणकारांचा, की हे ग्रॅम फसवे असतात. सापाने 25 ग्रॅमचा उंदीर गिळला की तो त्या क्षणी 25 ग्रॅमने ‘वाढतो’, आणि विष्ठा टाकली की घटतो. खरं आहे. आमचा माणूस जेवणानंतर लगेच वजन करून आनंदाने ग्रुपवर टाकतो तेव्हा तो उंदराचंच वजन दुसऱ्यांदा मोजत असतो. पण एका रविवारचा आकडा खोटा असला तरी बावन्न रविवारांची रेघ खोटी नसते. अंड्यातून निघताना साठ-सत्तर ग्रॅमचं असलेलं पिल्लू पहिल्या वर्षात किती वर गेलं, कात टाकण्याआधी आठवडाभर जेवण नाकारून किती थबकलं, हे त्या रेघेत दिसतं. दुसरा आक्षेप असा की साप वाढायचा तेवढा वाढतो, याच्या मोजण्याने काय होतं? पण सापाची वाढ ठरलेली नसते. त्याचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. उबेची जागा बत्तीस अंशांच्या आसपास नसेल तर पोटातला उंदीर तसाच राहतो. मोठा नर तर मनात आलं की महिनोन्‌महिने उपास धरतो, आणि त्या काळात आमच्या माणसाचे ग्रुपवरचे मजकूर ऐकवत नाहीत. ‘अजूनही 640.’ ‘638.’ तिसऱ्या आठवड्यात त्याच्याऐवजी आपणच जेवून घ्यावं असं वाटू लागतं. उलट, लवकर मोठा व्हावा म्हणून कोंबून भरवलं तर साप लांब होत नाही, लठ्ठ होतो. काटा हे दोन्ही दाखवतो.

खरा बोचरा आक्षेप वेगळाच आहे: आपल्या मातीतले साप सोडून हे आफ्रिकेचं खूळ कशाला? याचं उत्तर कायदाच देतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, तो घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. परदेशी प्राण्यांसाठी 2022 च्या दुरुस्तीनंतर नोंदणी आली, ‘परिवेश’ पोर्टलवर अर्ज आला. तो याने भरलेला असतो, आणि वजनाचा रकाना नव्हता याची खंत बोलूनही दाखवलेली असते. तरी आफ्रिकेतला जीव वीस-तीस वर्षं डब्यात का, हा प्रश्न उरतोच. त्याच्याकडे याचं उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. पण एक बाजू नोंदवायला हवी. घोणसचं पिल्लू आणि अजगराचं पिल्लू यांत आपल्याकडे सर्रास घोटाळा होतो, आणि अजगर समजून घोणस हातात घेणं जिवावर बेतू शकतं. गावाकडून ‘अजगराचं पिल्लू सापडलं’ म्हणून फोटो आला, त्यात पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके दिसले, की हा मीटिंग सोडून फोन करतो, “हात लावू नका, दूर व्हा, सर्पमित्राला बोलवा.” तेवढ्या एका फोनमध्ये तो ग्रॅमचं नाव काढत नाही. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या साप दिसला की काठी निघाली, त्या घरातला काटा काढणारा हा पहिला पुरुष आहे, हे मला कबूल करावंच लागतं.

पण पिल्लाच्या पहिल्या वर्षाच्या वजनाची त्याला एवढी धास्ती का? तिला शास्त्राचा आधार आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या पाणअजगरांवर टॉमस मॅडसन आणि रिचर्ड शाइन यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि 2000 साली निष्कर्ष मांडला: जन्माच्या वर्षी उंदीर मुबलक असलेली पिल्लं पुढल्या वर्षांतही इतरांपेक्षा वेगाने वाढत राहतात. सुरुवातीची ददात नंतर सहजी भरून येत नाही. आमचा माणूस हे सांगतो तेव्हा ग्रुपवर सगळे गप्प असतात, फक्त त्याची आई गप्प नसते. हा जन्मला तेव्हा वाशिम जिल्हा व्हायचा होता, मंगरूळपीर अकोल्यात होतं. 2500 ग्रॅमच्या खाली जन्मलेलं बाळ म्हणजे कमी वजनाचं, हे तिला कोणत्याही संशोधकाने सांगितलं नाही. अंगणवाडीच्या टांगत्या काट्याला लावलेल्या झोळीत याला ठेवून, ताई तक्त्यावर टिंब कुठे टाकते याकडे डोळे लावून ती महिन्याच्या महिन्याला उभी राहिली. या घरात ग्रॅम आधीपासूनच होते, ते त्याने आणलेले नाहीत. म्हणून बाकीचे हसत असताना ती एकटी दर रविवारी विचारते, “जेवला का तो?” आणि आकडा आला की लिहिते, “त्याचं समजलं बापू, तुह्यं वजन किती झालं?” गेल्या चार वर्षांत खुर्चीत बसून याचं पोट बरंच पुढे आलेलं आहे. या प्रश्नाला ब्लू टिक येते, उत्तर किलोतही येत नाही.