मगरी आधी, माणसं मागाहून

मोठ्या जलाशयाभोवती मनोरंजन, दळणवळण आणि शिक्षण या तिन्हींची सोय हवी, असं तज्ज्ञ सांगतात. सरदार सरोवराच्या काठी ही वाटणी अगदी चोख झाली आहे.

मनोरंजन गुजरातेत केवडियाला गेलं: १८२ मीटरचा पुतळा, नौकाविहार आणि २०२० साली पाण्यावर उतरणारं विमानसुद्धा. त्या विमानाच्या वाटेत नकोत म्हणून तळ्यातल्या मगरी पिंजऱ्यांत घालून आधीच हलवल्या होत्या. पुनर्वसन असं झटपटही होतं, ही बातमी तळोदा तालुक्यातल्या धरणग्रस्तांच्या वसाहतींना नवीनच होती.

दळणवळण आमच्याकडे आलं. महाराष्ट्राची ३३ गावं बुडिताखाली आली. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरांत जे मागे राहिले, त्यांच्याकडे दवाखानासुद्धा बोटीतून येतो. नौकाविहारच तो, फक्त ताप अंगात असताना.

शिक्षणाचं म्हणाल, तर नर्मदा बचाव आंदोलनानेच जीवनशाळा काढल्या. सरकारवरचा तेवढा भार हलका झाला.

आता पर्यटन आराखडा आमच्यासाठीही यावा. वाटाड्यांची ददात नाही. कुठल्या पाण्याखाली कुणाची ज्वारी पिकायची, हे सांगणारे म्हातारे सोमावल-रोझव्याच्या वसाहतींत बसलेले आहेत. शासनाने फक्त टोपी आणि शिट्टी पुरवावी.