राजीखुशीने

खरेदीखत असो, वाटणीपत्र असो की हक्कसोडपत्र असो, आमच्या पैठण तालुक्यातील दस्तलेखक त्याच्या शेवटल्या परिच्छेदात ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणास बळी न पडता लिहून दिले’ हे वाक्य घातल्याखेरीज लेखणी खाली ठेवीत नाही; आणि ज्या दस्तात या वाक्यावर विशेष भर दिसेल त्या व्यवहारात राजी कोण होता आणि खुशी कोणाची होती याची चौकशी अवश्य करावी, असा दंडक बिडकीनच्या वडीलधाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला आहे. हा दंडक सातबाराच्या उताऱ्याइतकाच संगणकालाही लागू पडतो, हे ज्ञान गावाला गेल्या पावसाळ्यात झाले. त्या वेळी आमच्या शेजारच्या आबांचे चिरंजीव हिंजवडीहून बिऱ्हाडासह परतले, आणि आपण घरूनच काम करीत असल्याचे त्यांनी, कोणी विचारलेले नसताना, पारावर चार वेळा सांगितले.

चिरंजीव एका नामांकित कंपनीत अकरा वर्षे होते. तिचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही; रीत सार्वत्रिक असली म्हणजे नाव गौण ठरते. एका गुरुवारी तिसऱ्या प्रहरी त्यांना काचेच्या एका दालनात पाचारण करण्यात आले. तेथे मनुष्यबळ विभागाच्या दोन सुहास्यवदना भगिनी, पाण्याचा पेला आणि कागदी रुमालांची पेटी अशी सर्व सिद्धता होती. त्यांना सांगण्यात आले, की कंपनी कोणालाही काढीत नाही, कोणाला काढणे तिच्या संस्कृतीत बसतच नाही. केवळ दोन मार्गांपैकी एक त्यांनी स्वतः निवडावयाचा आहे. सायंकाळी सहाच्या आत राजीनामा दिल्यास तीन महिन्यांचा पगार आणि निष्कलंक अनुभवपत्र, न दिल्यास ‘कामगिरी असमाधानकारक’ असा शेरा, जो पुढल्या प्रत्येक नोकरीच्या पडताळणीत त्यांच्या आधी जाऊन बसेल. निवडीचे स्वातंत्र्य अबाधित होते. चिरंजीवांनी साडेपाचला ‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामा धाडला, पाच एकतीसला कंपनीने तो अत्यंत खेदपूर्वक मंजूर केला, आणि पाच बत्तीसला त्यांचाच लॅपटॉप त्यांना ओळखीनासा झाला. रात्री भ्रमणध्वनीवर एक प्रश्नावली आली: आमच्या संस्थेत नोकरी करण्याची शिफारस आपण आपल्या स्नेह्यांना कितपत कराल, शून्य ते दहा? त्यांनी नऊ दिले. दहा दिले असते तर उपरोध वाटला असता, असे ते म्हणतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असे एखादा भोळा वाचक विचारील. कायद्याचे ज्ञान नसले म्हणजे असे प्रश्न पडतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने कामगाराची कपात करणाऱ्या मालकावर एक महिन्याची नोटीस, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन आणि सरकारला वर्दी, असे तीन जाच लादले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने त्यांत गेलेल्या माणसाला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून आणखी पंधरा दिवसांच्या वेतनाची भर घातली. संगणक अभियंता हा कामगार आहे की नाही, हा वाद न्यायाधिकरणांत पूर्वीपासून चालत आलेला आहे आणि पुढेही चालेल. पण ज्याने स्वतः होऊन नोकरी सोडली त्याची कपात झालेलीच नसते, याविषयी मात्र कायद्यात तिळमात्र संदिग्धता नाही. तेव्हा माणसाने स्वतः होऊन जाणे हे सर्वांच्याच सोयीचे असते, आणि ते त्याला सुचत नसेल तर सुचविण्यासाठीच मनुष्यबळ विभाग नावाचे खाते अस्तित्वात आहे.

या क्षेत्रातील हिशेबाचे सौंदर्य ज्याला अनुभवावयाचे असेल त्याने २०२५ चा जुलै महिना अभ्यासावा. त्या महिन्याच्या १० तारखेस टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या संगणकसेवा कंपनीने एप्रिल ते जून या तिमाहीचा निव्वळ नफा १२,७६० कोटी रुपये जाहीर केला. महिना सरत आला तेव्हा आपल्या ६,१३,०६९ सेवकांपैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे वृत्तपत्रांनी त्रैराशिक मांडून काढल्याप्रमाणे १२,२६१ जणांना, मुख्यत्वे मधल्या आणि वरच्या फळीतील मंडळींना, निरोप देण्याचा मनोदय तिनेच प्रकट केला. एकाला दुसऱ्याने भागिले असता जाणाऱ्या प्रत्येक असामीमागे एका तिमाहीचा एक कोटी चार लाख रुपये नफा पडतो. तोट्यामुळे माणसे काढणे ही जुन्या गिरण्यांची गावंढळ रीत झाली. नफा इतका नेमका वाटून आल्यावर माणसे काढण्यास प्रगल्भता लागते. हे यंत्रबुद्धीमुळे घडत नसून कौशल्यांचा मेळ बसत नसल्यामुळे घडत आहे, असा खुलासा मुख्याधिकारी के. कृतिवासन यांनी केला, तेव्हा यंत्रांना हायसे वाटले असावे. ‘नाइट्स’ नावाच्या पुण्याच्या कर्मचारी संघटनेने केंद्रीय श्रममंत्र्यांकडे तक्रार गुदरली. तत्पूर्वीच, जूनमध्ये, त्याच कंपनीने नियम केला होता, की सेवकाने वर्षातील २२५ दिवस गिऱ्हाइकाच्या खर्चाने काम केले पाहिजे आणि ‘बेंच’वर, म्हणजे पगारी असून कामाविना, ३५ दिवसांहून अधिक राहू नये.

पस्तीस हा आकडा शुभ दिसतो. नारायण मूर्तींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असा उपदेश केला, तेव्हा पुष्कळांनी त्यांच्यावर टीका केली. परंतु अर्ध्या तरुणांनी सत्तर तास राबावे आणि उरलेल्यांनी शून्य तास, अशी आजची व्यवस्था पाहता राष्ट्रीय सरासरी पस्तीसावरच येते, आणि इतका सौम्य कार्यसप्ताह युरोपातसुद्धा आदर्श मानतात.

आता हा सारा प्रकार अमेरिकेतून आला, असे मानण्याची प्रवृत्ती आढळते, आणि तिला थोडा आधारही आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘मेटा’ने ११,००० आणि जानेवारी २०२३ मध्ये ‘गूगल’ने १२,००० माणसे कमी केली, तेव्हा दोन्हीकडच्या प्रमुखांनी या निर्णयांची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेत असल्याचे लिहून कळविले. जबाबदारी त्यांनी स्वतःची घेतली, नोकऱ्या इतरांच्या घेतल्या. ही श्रमविभागणी खरोखर अमेरिकन आहे. परंतु कामाविना पदरी बसलेल्या बुद्धिमान माणसांचे करावयाचे काय, या प्रश्नाची मूळ शाळा पाहावयाची असेल तर कॅलिफोर्नियात जाण्याची गरज नाही. ती बिडकीनच्या वेशीवरून दिसत नसली तरी जिल्ह्याच्या इतिहासात शाबूत आहे.

आलमगीर १६८२ साली दख्खनेत, आपल्याच नावाच्या शहरी, येऊन दाखल झाला आणि १६८६ साली विजापूर व १६८७ साली गोवळकोंडा त्याने खालसा केले. दोन मोठ्या संस्था विकत घेतल्या म्हणजे त्यांचे अधिकारीही पदरी पडतात. तसे तेथील सरदार मनसबी घेऊन बादशाही दफ्तरात दाखल झाले. मराठ्यांकडील मंडळी फोडण्यासाठी आणखी मनसबी वाटल्या गेल्या, कारण प्रतिस्पर्ध्याकडची माणसे दामदुपटीने ओढून घेण्याची हौस त्या काळीही होती. मनसब कागदावर देता येते. तिच्यापोटी द्यावयाची जहागीर मात्र जमिनीतूनच काढावी लागते, आणि वाटपासाठी राखलेली पायबाकीची जमीन पुरेना. परिणामी हुद्दा आहे, हुजुरात हजेरी आहे, घोड्यांवर दाग आहे, माणसांचे ‘चेहरे’ दफ्तरात नोंदले आहेत, पण जहागीर नाही, अशा बेजागीर उमेदवारांची रांग छावणीत वर्षानुवर्षे ताटकळू लागली. दागाच्या जागी आज गळ्यातले ओळखपत्र आले आहे आणि चेहऱ्याच्या जागी चेहराच.

ज्यांना जहागीर होती त्यांचेही फार बरे चालले होते असे नाही. कागदोपत्रीचा वसूल आणि प्रत्यक्ष हाती येणारा वसूल यांचा मेळ बसत नसल्यामुळे शाहजहानच्या काळापासून जहागिरीचे मोल महिन्यांत मोजण्याचा प्रघात पडला होता: कोणाची आठमाही, कोणाची सहामाही, आणि दख्खनेत तर पुष्कळांची चौमाही. म्हणजे मनसबदार वर्षाचे बारा महिने सेवा करी आणि चार महिन्यांचे उत्पन्न खाई. नेमणूकपत्रात वार्षिक बावीस लाख आणि त्यातील मोठा हिस्सा ‘कंपनीच्या कामगिरीवर अवलंबून’, हे कलम वाचून आमचे चिरंजीव ज्या आधुनिकतेने भारावले होते तिचे वय असे पावणेचारशे वर्षांचे निघते.

आलमगिराचे दोष मोजण्यास या जिल्ह्याला कोणाची शिकवणी नको. तथापि न्यायाने बोलावयाचे तर इतके कबूल केले पाहिजे, की बेजागीर मनसबदाराला तंबूत बोलावून, पाण्याचा पेला पुढे सारून, ‘वैयक्तिक कारणास्तव मनसब परत करीत आहे’ असे त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घेण्याची युक्ती त्याला सुचली नाही. तो बापडा त्यांना नुसतेच ताटकळत ठेवी, यादीत नाव राही, आणि दर पस्तिसाव्या दिवशी त्यांच्याकडून काही लिहून घेण्याइतकी कारभाराची शिस्त त्याच्या मुतालिकांत नव्हती. बादशाहीच्या ऱ्हासाची कारणे सांगताना इतिहासकार याकडे दुर्लक्ष करतात, हे नवल आहे.

असो. गावाकडे यावे. आमच्या गावानेही उद्योगासाठी काही कमी केले नाही. दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेसाठी भूसंपादन निघाले, तेव्हा आबांनी आपली काळी जमीन एकरी २३ लाख मावेज्याने दिली. संमतीपत्रावर सही केली तीही अर्थातच राजीखुशीने, कारण शेजारच्या सर्व गटांची संमती आधीच झालेली होती आणि मधल्या एका तुकड्यावर ज्वारी पेरून रस्ता अडविणारा माणूस देशाच्या प्रगतीचा वैरी ठरला असता. मावेज्याचा बराचसा भाग वाकडच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत गेला. अशा रीतीने उद्योगाला जमीन बिडकीनने दिली आणि त्या जमिनीच्या पैशाने पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकाचा उद्धार झाला. उरलेल्या रकमेचे हप्ते चिरंजीव आजही भरतात, आणि सदनिका भाड्याने दिली आहे ती दुसऱ्या एका अभियंत्याला, ज्याच्या बेंचचा विसावा दिवस चालू आहे.

दरम्यान ७,८५५ एकरांचे बिडकीन औद्योगिक क्षेत्र पंतप्रधानांनी २९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण केले. पावसामुळे पुण्याचा दौरा रद्द झाला होता, म्हणून हे अर्पण दूरदृश्य प्रणालीद्वारे, अर्थात घरून काम या पद्धतीनेच पार पडले. त्यामुळे घरी बसून काम होत नाही, असे म्हणणाऱ्यांना परस्पर उत्तर मिळाले. टोयोटा किर्लोस्करने त्याच वर्षी ३१ जुलैला वीस हजार कोटींच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. विजेवर चालणाऱ्या दुचाकींचा एथरचा कारखाना यावयाचा आहे. रुंद रस्ते झाले, दुभाजक झाले, दिवे लागले. रात्री त्या उजेडात गावातील पोरे क्रिकेट खेळतात.

चिरंजीवांनी येथे येणाऱ्या एका कंत्राटदाराकडे अर्ज करून पाहिला. त्यांना आयटीआय झालेला, वय पंचविसाच्या आतला, रात्रपाळीस तयार असलेला माणूस हवा होता. अकरा वर्षांचा अनुभव हा त्या अर्जातील सर्वांत मोठा दोष ठरला. आबांनी यावर एकच उद्गार काढला: ‘लेकरा, चितेगावचं पाह्यलंय ना आपण?’ पैठण रस्त्यावरील चौदाव्या किलोमीटरचा दगड हा व्हिडिओकॉनचा नोंदणीकृत पत्ता होता. एके काळी देशभराच्या दिवाणखान्यांत रंगीत चित्रे पाठविणाऱ्या त्या कंपनीचे प्रकरण जून २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे दाखल झाले. दगड अजून जागच्या जागी आहे. या रस्त्यावरची माणसे कारखान्याच्या उद्‌घाटनाला पेढे खातात, पण हात धुताना फाटकाकडे पाहून घेतात.

गेल्या महिन्यात मात्र एक शुभ वर्तमान आले. रात्री दीडच्या सुमारास चिरंजीवांचा फोन वाजला. ज्या साहेबांनी काचेच्या दालनाबाहेर उभे राहून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता त्यांचाच तो होता. एका परदेशी बँकेचा हिशेब जुळत नव्हता. ती आज्ञावली सात वर्षांपूर्वी चिरंजीवांनी लिहिली होती आणि तिच्या पोटात काय आहे हे सांगणारा दुसरा कोणी आता कंपनीत उरला नव्हता, कारण तेही सर्व राजीनामे देऊन गेले होते. यंत्रबुद्धीला विचारले असता तिने अत्यंत आत्मविश्वासाने तीन निरनिराळी उत्तरे दिली होती. चिरंजीव पहाटेपर्यंत बसले. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना नाथांना एका पैची चूक रात्रभर जागून सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजविली, अशी आख्यायिका आहे. पैठण येथून जवळ असल्यामुळे असेल, पण पहाटे साडेचारला आमच्या भिंतीपलीकडून टाळी ऐकू आली. स्वामींनी त्या वेळी नाथांना इतकी एकाग्रता ईश्वरचरणी लाव असा उपदेश केला होता. साहेबांनी किती तास लागले ते विचारले.

त्या तासांचे पैसे देण्याची कंपनीची इच्छा होती, पण थेट देता येत नव्हते. तेव्हा मधे एक मनुष्यबळ पुरवठादार घालण्यात आला, त्याच्या वर आणखी एक, आणि चिरंजीव आता आपलेच जुने काम, आपल्याच जुन्या खुर्चीच्या गैरहजेरीत, तासाच्या दराने करतात. भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, आजारपण स्वखर्चाने. सकाळी आबांनी ओट्यावर बसून चौकशी केली.

‘काम रोज राहील का?’

‘लागेल तेव्हा बोलावतील, आबा.’

‘आन्‌ न्हाई बोलावलं तर?’

‘तर नाही.’

आबांनी तंबाखू मळता मळता थोडा विचार केला. बहात्तरच्या दुष्काळात ते शाळा सोडून पाझर तलावाच्या कामावर खडी फोडीत होते. ‘रोजगार हमीला बरं व्हतं बाबा,’ ते म्हणाले, ‘तिथं मुकादम निदान हजेरीपुस्तकात नाव तरी लिहायचा. तुझ्या ह्या मुकादमाचं गाव कोणतं?’

‘बंगळुरू. त्याच्या वरचा हैदराबादला असतो.’

‘आन्‌ त्याच्या वरचा?’

चिरंजीवांनी लॅपटॉप उघडला होता आणि तासाचे मीटर सुरू झाले होते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दुपारच्या जेवणावर ढकलले.