गाडी गरम करणारे भाऊ

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या पुढे जातो. उन्हात उभ्या केलेल्या मोटरसायकलच्या सीटवर लोक आधी दुपट्टा अंथरतात, मग बसतात, आणि टाकीला चुकून हात लागला तर तो झटकत मागे घेतात. अशा गावात, अशा महिन्यात, सकाळी पावणेनऊला एक गृहस्थ गाडी गरम करत असतो. गाडीवर तो बसलेला नसतो. बाजूला उभा असतो. डाव्या हातात सीट पुसायचं पिवळं फडकं, उजवं मनगट रेसवर, मान किंचित कलती, एक कान इंजिनाकडे. मुद्रा नाडी बघणाऱ्या वैद्याची. मनगट पिळलं की गाडी ओरडते, सैल सोडलं की पुटपुटते, आणि पुन्हा पिळायच्या आधी भाऊ क्षणभर थांबतात, जणू रोग्याला विचारताहेत, आता कसं वाटते? गाडीचं तोंड फाटकाकडे आणि पाठ शेजाऱ्याकडे, हे भाऊंचं वास्तुशास्त्र. सायलेन्सरच्या बरोबर समोर शेजारच्या वहिनींनी लाखोळीच्या वड्या वाळत घातलेल्या असतात. गडचिरोलीकडे हेच दृश्य मार्च-एप्रिलात दिसतं, फक्त वड्यांच्या जागी मोहफुलं असतात. वहिनी काही बोलल्याच तर उत्तर ठरलेलं असतं : “पाच मिनिटं जी. इंजिन बनून रायलं.”

भाऊ दुष्ट आहेत असं कोणी समजू नये. रात्री दोन वाजता कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर हीच गाडी आधी निघते, आणि पेट्रोलचे पैसे विचारले तर भाऊ रागावतात. यंत्रावर त्यांचा जीव आहे. तेव्हा माणूस यंत्राबद्दल अडाणी असतो म्हणून तो दुसऱ्याच्या नाकाखाली धूर सोडतो, हे नेहमीचं निदान इथं लागू पडत नाही. भाऊंना इंजिनातलं बरंच कळतं. प्रश्न निराळा आहे, आणि तो समजून घ्यायचा तर इंजिनवाल्यांच्या दुसऱ्या एका जमातीकडे बघावं लागतं. ती फार लांब नाही. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे आणि नागपूर फ्लाइंग क्लबची शिकाऊ विमानं तिथून उडतात.

सेसना १७२ हे शिकाऊ विमान १९५६ पासून जगाच्या बाजारात आहे आणि आजवर ४४ हजारांहून जास्त बनली आहेत. त्याच्या अलीकडच्या नमुन्यात १८० अश्वशक्तीचं, चार सिलिंडरांचं इंजिन असतं. भाऊंच्या शंभर सीसीच्या गाडीत आठेक घोडे असतात. म्हणजे रुबाबच करायचा तर तो वैमानिकानं करावा. पण तो काय करतो? विमान हँगरच्या आत चालूच करत नाही. नाकाच्या चाकाला दांडा अडकवून ते हातानं ओढत बाहेर आणतो. मग शेपटी कुठं येते ते बघतो, कारण पंख्याचा वारा मागे जातो आणि मागं उघडा हँगर असेल तर धूळ-खडे दुसऱ्याच्या विमानावर बसतात. खिडकी उघडून “क्लिअर प्रॉप!” असं मोठ्यानं ओरडतो, आजूबाजूला बघतो, आणि नंतरच किल्ली फिरवतो. चालू झाल्यावर इंजिन मिनिटाला हजारेक फेऱ्यांवर नुसतं गुणगुणत ठेवतो. जोराची रेस द्यावीच लागते, कारण उड्डाणाआधी अठराशे फेऱ्यांवर प्लगला ठिणगी देणारे दोन्ही मॅग्नेटो तपासायचे असतात; पण ती तो देतो धावपट्टीच्या टोकाशी, मागं कोणी नाही असं बघून. इंजिन बंद, किल्ली खिशात, तरीही पंख्याला हात लावताना तो बिचकतो. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. त्याची अर्थिंगची तार तुटलेली असेल तर पंखा हातानं जरा फिरवताच इंजिन पेटू शकतं. थोडक्यात, झोपलेल्या इंजिनाशीही हा माणूस अदबीनं वागतो.

यावर कोणी म्हणेल, वैमानिक शिकलेले, गणवेशातले, परवाना जायच्या भीतीतले. त्यांची तुलना आमच्या भाऊंशी कशाला? आक्षेप दमदार आहे, पण टिकत नाही. हँगरमध्ये इंजिन चालू करू नये, शेपटी कुणाच्या दाराकडे करू नये, हे मुळात शिकवावं लागतं, याचाच अर्थ भाऊ तिथंही जन्माला येतात. (नियम नेहमी कुणाच्या तरी प्रतापानंतरच लिहिला जातो.) शिवाय आपल्या भाऊंनाच हेलिकॉप्टरपुढे उभं करून बघावं. निवडणुकीच्या वेळी गडचिरोलीतली मतदान पथकं दुर्गम केंद्रांवर हेलिकॉप्टरनं नेतात. त्या पथकांत गुरुजी असतात, ग्रामसेवक असतात, आणि त्यांच्यात आपले भाऊही असणारच. तिथं भाऊ टोपी काढून बगलेत दाबतात, वाकतात, शेपटीकडचा लहान पंखा दिसत नसला तरी तिकडे पाऊल टाकत नाहीत आणि वैमानिकानं खूण केल्याशिवाय समोरूनसुद्धा पुढे सरकत नाहीत. कुठल्या परवान्याच्या भीतीनं? तीच गोष्ट ताडोब्याची. मोहर्लीच्या फाटकातून आत गेलेली जिप्सी वळणावर थांबते, चालक इंजिन बंद करतो, कारण चितळाचा नाहीतर वानराचा इशारा ऐकायचा तर आधी आपली घरघर थांबली पाहिजे. मागं बसलेले भाऊ त्या वेळी श्वाससुद्धा हप्त्यानं घेतात. बाजूच्या जिप्सीचं इंजिन चालू राहिलं तर पहिले कुजबुजतात तेच : “अबे, बंद कर न गाडी!”

म्हणजे इंजिन बंद करायचं असतं, ते कुणाकडे तोंड करून चालू आहे हे बघायचं असतं, हे सगळं भाऊंना येतं. फक्त समोर पातं किंवा वाघ लागतो. ज्या यंत्राचे दात दिसतात त्याच्यापुढे माणूस सभ्य होतो, आणि ज्याचे दात दिसत नाहीत त्याच्यापाठी शेजाऱ्याला उभं करतो. आपण शिष्टाचार एका कप्प्यात ठेवतो आणि सुरक्षितता दुसऱ्या, पण मोरव्याच्या वैमानिकाला विचारलं तर तो शेपटी वळवतो ती सभ्यतेसाठी की अपघात टाळण्यासाठी, हे त्याला वेगळं करून सांगता येणार नाही.

मोटरसायकलला दात नाहीत हा मात्र भाऊंचा गैरसमज आहे. पेट्रोल जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटीनं घट्ट चिकटतो. इंजिन थंड असताना पेट्रोलचं प्रमाण जास्त असतं आणि सायलेन्सरमधलं शुद्धीकरणही नीट सुरू झालेलं नसतं. म्हणजे भाऊंची ती ‘गरम करायची’ मिनिटंच सगळ्यांत विषारी. हे घुग्घुस-माजरीच्या, बल्लारपूरच्या खाणीत उतरणाऱ्याला सांगावं लागत नाही. इंग्लंडच्या खाणींत तर या वायूसाठी १९८६ पर्यंत पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी नेत. पक्षी कोलमडला की माणसं मागे फिरत. आपल्या चाळीत कॅनरीचं काम वहिनी करतात. त्यांचं डोकं धरतं, मळमळतं, आणि मे महिना असल्यामुळे सगळे एकमुखानं म्हणतात, ऊन लागलं असंल, कांदा ठेव डोक्याशी. छपरीत वारा खेळता असला तर गोष्ट डोकेदुखीवर भागते. पण पावसाळ्यात वीज गेली की दुकानाचं शटर खाली ओढून आत जनरेटर लावणारेही हेच भाऊ असतात, आणि तिथं कांदा पुरत नाही.

आता भाऊंची बाजू. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला थंडीत चोक द्यावा लागायचा आणि थोडा दम द्यावा लागायचा, हे खरं. डिसेंबरात पहाटे सिरोंच्याकडे निघालेल्या माणसाला एखादं मिनिट कुणी नाकारू नये. पण १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-सहा निकष आल्यावर बहुतेक नव्या गाड्यांत पेट्रोल किती सोडायचं हे इंजेक्शनवालं यंत्रच ठरवतं. त्याला भाऊंच्या मनगटाची गरज नाही. गाडी गरम करायचा उत्तम उपाय म्हणजे ती सावकाश चालवणं. “तेल चढू द्याव लागते,” हा दुसरा मुद्दा. तेल चढायला काही सेकंद पुरतात, आणि तेल चढायच्या आत रेस पिळणं म्हणजे अंथरुणातून उठवलेल्या माणसाला उठाबशा काढायला लावणं. विमानाचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. ते जागेवर उगाच फिरवत बसलं तर तापतं, आणि त्याच्या पेट्रोलातलं शिसं प्लगवर बसतं. म्हणून वैमानिक जमिनीवर रेंगाळत नाही. भाऊंच्या गाडीलाही वारा चालल्यावरच मिळतो. तिसरा मुद्दा बॅटरीचा : घडीघडी चालू-बंद केली तर सेल्फ उतरते म्हणे. किक आहे की, भाऊ.

एवढं सगळं झाल्यावर गाडी एकदाची बनते. भाऊ फडकं झटकून सीटखाली ठेवतात, दुपट्टा तोंडाला गुंडाळतात (धूर लागतो ना), आणि मग आठवतं की डबा घरातच राहिला. ते आत जातात. गाडी अर्थात चालूच. डबा येतो, भाऊ निघतात, आणि चौकातल्या टपरीपाशी थांबतात. तीनशे पावलं झालेली असतात. खर्रा घोटून होईपर्यंत गाडी टपरीच्या तोंडाशी धडधडत उभी. टपरीवाला खोकत म्हणतो, बंद करा न भाऊ. भाऊ मायेनं टाकीवर हात ठेवतात, चटका बसून तो मागे घेतात आणि सांगतात : “बंद केली त थंडी होऊन जाईल न बे.”