ठासणीची बंदूक आणि केमिस्ट्रीचे मास्तर

आमच्या सासऱ्यांकडे ठासणीची बंदूक आहे. दचकू नका, परवाना आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात या बंदुकीची वेगळी सोय आहे : खरोखर पिकाच्या राखणीसाठी हवी असेल तर शेतकऱ्याला तिचा परवाना मिळू शकतो. आणि राखण म्हणजे काय, हे भोकरदन तालुक्यात मक्याला कणसं लागली की कळतं. रानडुकरांचा कळप एका रात्रीत निम्मं वावर लोळवतो, उरलेलं रोही बघतात. सासरे कुणाला मारत नाहीत. वन्यजीव कायदा त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. आभाळाकडे एक बार काढायचा, डुकरं शेजारच्या वावरात जातात. मग शेजारी त्याचा बार काढतो आणि डुकरं परत येतात.

15 ऑक्टोबर 2024 ला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि बंदूक जमा करा, असा ठाण्यातून निरोप आला. पंचाईत अशी, की बंदूक भरलेली होती. सासऱ्यांनी चाप ओढला होता, घोडा पडला होता आणि नुसतं 'टक्' झालं होतं. नळीत दारू तशीच, तोटीवर बार पेटवणारी टोपी तशीच. भरलेली बंदूक ठाण्यात घेणार कोण? आणि आचारसंहिता लागल्या लागल्या गावात धडाम् केलं तर दोन्ही पॅनलची माणसं विचारायला येणार, की कोणाचा अर्ज भरला!

नेमका त्या रविवारी मी सासुरवाडीत होतो.

"जावईबापू, तुम्ही केमिस्ट्रीचे मास्तर. जरा बघता का?" सासरे म्हणाले.

ही नुसती रीत होती. जावयाला विचारायचं, जावयाने 'तुम्हीच बघा मामा' म्हणायचं, मग चहा यायचा. मी मात्र बाह्या सरसावल्या.

आधी व्याख्यान दिलं, कारण ते मला येतं. असई तिथून फार लांब नाही. 23 सप्टेंबर 1803 ला तिथे वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढली, तेव्हा दोन्हीकडच्या कवायती पलटणींच्या बंदुका चकमकीच्या. गारगोटीचा दगड पोलादावर आपटायचा, ठिणगी पडायची, मग बार. पुढे चारच वर्षांनी, 1807 मध्ये, फोरसाइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने बार पेटवण्याच्या नव्या तऱ्हेचं पेटंट घेतलं. त्याला शिकारीचा नाद. चकमक उजळली की पाखरं सावध होऊन उडून जायची, म्हणून त्याने नुसत्या ठोक्याने पेटणारी भुकटी वापरली. तसलीच भुकटी पुढे तांब्याच्या टोपीत बसली.

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पाखरं उडू नयेत म्हणून? आमचं तर डुकरं पळावीत म्हणूनच चाललंय की."

रात्री मी मोबाइलवर वाचत बसलो. अमेरिकेत लोक घरी काडतुसं भरतात. तिथल्या टोपीला प्रायमर म्हणतात. तिच्या दोन जाती : एक इंग्रज कर्नल बॉक्सरची, दुसरी अमेरिकन बर्डनची. इंग्रजाची अमेरिकेत चालते आणि अमेरिकनाची युरोपात. दोन घरांनी आपापले जावई बदलून घ्यावेत, तसला प्रकार. न उडालेली प्रायमर काढायची तर डोळ्यांवर चष्मा हवा, आत दारू-गोळी काही नको आणि यंत्राचा दांडा सावकाश दाबायचा. ठोकायचं म्हणून नाही. आपल्याकडे हे घरी करायचं तर आधी शस्त्र कायद्याच्या कलम 5 चा परवाना लागतो, त्यामुळे हे ज्ञान मला आयुष्यात उपयोगी पडणार नव्हतं. पण ते डोक्यात घुसलं होतं आणि सकाळी मी पक्कड घेऊन ओट्यावर हजर झालो.

टोपी जवळून पाहिली. हरभऱ्याएवढी, तांब्याची, वर हिरवा कळंक चढलेला, माथ्यावर घोड्याने पाडलेला खळगा. तोटीला अशी घट्ट बसलेली की दोघींचं एकच धातूकाम वाटावं. मी पक्कड पुढे केली. सासऱ्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवली. नंतर तासभर ते तिच्यावरच बसून होते.

त्यांचं काम बिनबोभाट चाललं. नळी आभाळाकडे, पोरंबाळं घराच्या मागच्या अंगाला, घोड्यावर अंगठा. तोंडातून तांब्याने पाणी ओतलं, मुरू दिलं, पुन्हा ओतलं. काळ्या दारूत सोरा असतो, तो पाण्यात विरघळतो. नुसत्या गंधक-कोळशाने बार होत नाही. हे मी त्यांना मोठ्याने समजावून सांगत होतो आणि ते 'हौ, हौ' म्हणत पाणी ओतत होते. मग त्यांनी बाभळीची चपटी कामटी टोपीच्या कडेखाली सरकवली, इकडून थोडी, तिकडून थोडी. टोपी सुटली. गजाच्या टोकाला फिरकी लावून चिंधी, ओली दारू आणि छर्रे बाहेर आले. बंदूक रिकामी.

"आता टोपी विहिरीमागं खोल पुरून टाकू," सासरे म्हणाले.

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. कामून पुरायची? शास्त्राने निकामी करू! मी सासूबाईंकडून वाटीत खोबरेल मागून घेतलं आणि टोपी त्यात बुडवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणा आणि गल्लीतली पोरं जमवून जाहीर केलं, की तेलाने टोपी मेली. नुसतं जाहीर करून थांबलो असतो तर हा लेख इथेच संपला असता. पण पुरावा द्यायचा होता. टोपी पुसली, अंगणातल्या दगडावर ठेवली आणि हातोडीने हळूच, अगदी जावयाला शोभेल असा ठोका मारला.

टोपीतलं मिश्रण तळाशी दाबून बसवलेलं असतं, वरून लाखेचा थर. तेल आत शिरेलच याची खात्री नाही. पाण्याने भिजलेली टोपीसुद्धा वाळली की पुन्हा उडू शकते. हे सगळं मला त्या रात्री वाचताना दिसलं होतं. मी पुढचं पान उघडलं होतं.

आवाज काही फार मोठा नव्हता, पण म्हशीने दावं तोडलं. पोरं भिंतीमागे पोचली ती अजून हसताहेत. मी उकिरड्यात बसलेलो होतो. कसा आणि कधी बसलो, हे मेव्हण्याला विचारावं लागेल. चष्म्याच्या उजव्या काचेवर, बरोबर बुबुळासमोर, तांब्याची बारीक कपची रुतली होती. सासूबाईंनी चष्मा उजेडाकडे धरला, काचेकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता मीठ-मिरच्या आणायला आत गेल्या.

दुपारी सासऱ्यांबरोबर ठाण्यात गेलो. एका डोळ्याने जग स्वच्छ, दुसऱ्याने तडकलेलं. हवालदारांनी परवाना पाहिला, नंबर ताडला, पावतीबुक काढलं.

"रिकामी आहे ना? वाजणार-बिजणार नाही?"

"बंदूक रिकामी आहे साहेब," सासरे म्हणाले. "जे वाजायचं ते सकाळीच जावईबापूंनी वाजवलं."

हवालदारांनी पेन थांबवलं आणि चष्म्यापासून पँटीला लागलेल्या शेणापर्यंत मला सावकाश न्याहाळलं.

"हे पण जमा करायचेत का?"

"नाही," सासरे म्हणाले, "यांचा परवाना लेकीच्या नावावर आहे."