नेपोलियनचा शिपाई कसा रंगवावा

चिमुकले सैनिक रंगवायला चित्रकलेचं अंग लागत नाही, असं या छंदात मुरलेले लोक सांगतात. ते खरं आहे. लागतं ते टेबल. ज्याच्यावर कोणी इस्त्रीचे कपडे ठेवणार नाही, विजेचं बिल ठेवणार नाही आणि ‘दोनच मिनिटं’ म्हणून कोथिंबीर निवडायला बसणार नाही, असं एक टेबल. ज्यांना ते मिळण्यासारखं आहे त्यांनीच पुढे वाचावं. बाकीच्यांनी आधी घरात तह करावा.

पहिला प्रश्न मापाचा. आपल्याला मापाची फारशी सवय नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजाहून उंच मावळा पहारा देतो, शेजारच्या गुहेत दरवाजाएवढा वाघ असतो, आणि महाराज सिंहासनावर बसूनही सगळ्यांच्या वर दिसतात. कोणाची तक्रार नसते. इथे ते चालत नाही. १:७२ म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा. १:३५ म्हणजे साधारण पाच सेंटिमीटरचा. या दुसऱ्या आकड्याबद्दल लोक फार गंभीरपणे बोलतात. त्याचा उगम असा: तामिया या जपानी कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं, ते आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढं केलं, आणि हिशेब केला तेव्हा ते मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं भरलं. तिसरं माप ५४ मिलिमीटर, खेळण्यातल्या शिशाच्या शिपायांपासून चालत आलेलं. हे ५४ पावलापासून डोळ्यापर्यंत मोजायचे की टाळूपर्यंत, यावर दोन पंथ आहेत. नवशिक्याने दोन्ही पंथांपुढे मान डोलवावी आणि ५४ चाच शिपाई घ्यावा, कारण तो निदान हातातून पडला तर सापडतो.

कोणता घ्यावा? हुसार, म्हणजे घोडदळातला शिपाई, घेऊ नये. छातीभर सोनेरी गोफांच्या ओळी, एका खांद्यावरून लोंबणारं फरचं जाकीट, आणि एवढं करून हा माणूस घोड्यावर. म्हणजे घोडाही रंगवणं आलं. नेपोलियनच्या ओल्ड गार्डमधला, म्हणजे त्याच्या मुरलेल्या खास पलटणीतला, पायदळी ग्रेनेडियर घ्यावा, आणि तोही १८ जून १८१५ चा, इंग्रजांशी झालेल्या वॉटर्लूच्या लढाईतला. लढाईच्या महत्त्वामुळे नव्हे. त्या दिवशी हे लोक निळे ओव्हरकोट घालून लढले, म्हणून. संचलनाच्या पोशाखात पांढरा वेस्टकोट, लाल कडा, पायांवरच्या गेटर्सची बटणं असा संसार असतो. ओव्हरकोटात गळ्यापासून गुडघ्यापर्यंत एकच निळा. वर अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी, त्यामुळे कपाळ वाचलं. मिशी गार्डमध्ये सक्तीची होती, त्यामुळे वरचा ओठही वाचला. कानात सोन्याच्या बाळ्या घालण्याची त्यांची रीत होती; त्या दाखवायच्या की नाहीत, हे आपल्या चष्म्याच्या नंबराला विचारून ठरवावं.

तयारीला फार वेळ लागत नाही, म्हणूनच लोक ती टाळतात. प्लास्टिक साच्यातून सुटावं म्हणून वापरलेल्या पदार्थाचा तेलकटपणा शिपायाच्या अंगावर राहिलेला असतो आणि त्यावर रंग धरत नाही, तेव्हा आधी भांड्याच्या साबणाने अंघोळ. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे टोपीपासून बुटापर्यंत एक बारीक कड उठते, ती पात्याने हलकेच खरवडावी. मग राखाडी प्रायमरचा स्प्रे. मुंबईत किंवा कोकणात हा स्प्रे जुलैत मारू नये. दमट हवेत स्प्रेचा थर पांढुरका पडतो, आणि शेवटचं मॅट वार्निश तर आवर्जून पडतं. ‘हा वॉटर्लूचा नव्हे, १८१२ साली रशियाच्या बर्फातून परतणारा आहे’ असं सांगून वेळ मारून नेता येते, पण एकदाच.

ब्रश घेताना नवशिका तीन शून्यांचा मागतो. माणूस लहान, तर ब्रश लहान, असा त्याचा हिशेब. तीन शून्यांच्या ब्रशात रंग मावतच नाही, आणि जेवढा मावतो तेवढा विदर्भातल्या एप्रिलात शिपायापर्यंत पोचायच्या आत वाळतो. एक नंबरचा घ्यावा, टोक शाबूत असलेला. रेघ टोक मारतं. पोट फक्त रसद पुरवतं. सैन्य पोटावर चालतं, असं नेपोलियन म्हणाल्याचं सांगतात. ब्रशही.

रंग बाटलीतून थेट शिपायावर जाऊ नये. तो ॲक्रिलिक असेल तर पाण्याने पातळ करावा, गाईच्या दुधाइतका, म्हशीच्या नव्हे. पहिला थर बघून वाईट वाटेल. खालचा राखाडी दिसत असतो. तो पुरता वाळू द्यावा आणि दुसरा द्यावा. ज्यांना हा धीर नाही त्यांच्या शिपायाचं नाक आणि मिशी कायमची एक होतात. रंग ओला राहावा म्हणून झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, अशी व्यवस्था करतात. डबा स्वयंपाकघरातून उचलण्याआधी चौकशी करावी. झाकण घट्ट बसणारे डबे घरात मोजलेले असतात.

रंगवायचं आतून बाहेर: आधी चेहरा, मग कोट, मग कोटावरचे पांढरे पट्टे, शेवटी बंदूक. कोटाच्या चुण्यांत अगदी पातळ गडद रंग सोडायचा, तो आपोआप खोलगट भागांत जाऊन बसतो. टोपीसाठी उलट कृती. ब्रशाला राखाडी रंग लावायचा आणि टिश्यूवर पुसून टाकायचा, इतका की आता काही उरलंच नाही असं वाटावं. मग तो केसांवरून फिरवायचा. एक-एक केस उठून दिसतो. पाहणाऱ्याला ही तपश्चर्या वाटते. वाटू द्यावी.

आता डोळे. बहुतेक होतकरू माणसं इथेच गारद होतात. या मापात डोळा जेमतेम एक मिलिमीटर रुंद असतो आणि बुबुळ अर्ध्या मिलिमीटरहून लहान. तिथे पांढरा रंग भरून मधोमध काळा ठिपका दिला, की अनेक मोहिमा पाहिलेला हा शिपाई डोळे विस्फारून उभा राहतो, एक डोळा शत्रूवर आणि दुसरा पॅरिसच्या दिशेला. नवशिका मग ठिपका दुरुस्त करतो. मग दुसरा डोळा पहिल्याशी जुळवतो. मग पहिला दुसऱ्याशी. रात्री साडेबाराला शिपायाला तीन बुबुळं असतात. जाणकार सांगतात की पांढऱ्यात थोडा कातडीचा रंग मिसळावा, ठिपक्याऐवजी वरच्या पापणीला चिकटलेली उभी रेघ द्यावी. चांगला सल्ला आहे. माझा सल्ला साधा हिशेब करण्याचा आहे. आपण शिपाई हातभर, म्हणजे साठेक सेंटिमीटरवरून बघतो. त्याच्या मापात हे अंतर वीस मीटरच्या आसपास जातं. रस्त्यापलीकडे वीस मीटरवर उभ्या माणसाच्या डोळ्यातलं पांढरं तुम्हाला दिसतं का? मग याचं कशाला दिसायला हवं? पापणीची एक गडद रेघ द्यावी आणि भिंग विकून टाकावं. या छंदातला खरा शत्रू इंग्रज नाही, भिंग आहे.

तरीही कोणीतरी येईलच. शिपाई हातात घेईल, उलटा करेल आणि विचारेल, ‘निळा जरा उजळ झाला नाही का?’ वाद घालू नये. वॉटर्लूच्या आदल्या दिवशी आणि रात्री मुसळधार पाऊस झाला, हे इतिहासाला मान्य आहे. पाऊस म्हणजे चिखल. जिथे रंग चुकला, कड राहिली, बुटाला कोटाचा निळा लागला, तिथे तपकिरी चिखल चढवावा आणि त्याला अभ्यास म्हणावं.

अचूकपणाच्या नादी लागून काय होतं, हे पाहायचं तर विल्यम सायबोर्न या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचं प्रकरण आठवावं. १८३० साली त्याला वॉटर्लूची प्रतिकृती करायला सांगितली गेली. तो रणांगणावरच्या ला हे सँतच्या शेतवाडीवर काही महिने मुक्कामाला राहिला, जमीन मोजली, लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून कोण कुठे उभा होता ते विचारलं, आणि सत्तर हजारांच्या वर चिमुकले सैनिक उभे केले. सरकारने पैसा आखडता घेतला, सायबोर्न कर्जात बुडाला, आणि वॉटर्लूला इंग्रजांचा सेनापती असलेल्या वेलिंग्टनचा आक्षेप असा की यात मदतीला आलेल्या प्रशियनांना नको तेवढं श्रेय मिळतंय. अखेर सायबोर्नने हजारो प्रशियन उचलून बाजूला केले. प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. सैनिक सेंटिमीटरभर उंचीचे आहेत. डोळे कोणी विचारत नाही.

वार्निश वाळल्यावर पहिला शिपाई कुठे ठेवायचा, हा प्रश्न उरतो. तो चांगला झालेला नसतो. दुसराही नसतो. फ्रेंच पायदळाची नियमावली तीन रांगांची होती; पहिले डझनभर निमूट तिसऱ्या रांगेत घालावेत. इंग्रज दोनच रांगांत लढत, तेव्हा नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.