नंबरवार

विलायतेत जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थास तीन शत्रू असतात : बारमाही पाऊस, हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून सरकारी खर्चाने रस्त्यांवर पसरले जाणारे मीठ, आणि या दोघांनी संगनमताने चाकावरच्या कमानीस पाडलेले भोक आपल्याआधी पाहून हळहळणारा शेजारी. डेंटरकडे जावे, तर तो सांगतो त्या मजुरीत दुसरी जुनी मोटार यावी. सबब माझ्यासारखा मनुष्य शनिवारी सकाळी घरापुढे गुडघे टेकून गंज खरवडतो, जाळी लावून लांबी भरतो आणि भोकाचे अस्तित्व साफ नाकबूल करतो. (सांगाड्याच्या भाराच्या जागी मात्र हा बनाव चालत नाही. १९६० पासून येथे मोटारींची जी सक्तीची तपासणी होते, तिचा अंमलदार लांबीची साक्ष ग्राह्य धरीत नाही. तेथे पत्र्यास पत्राच जोडावा लागतो.)

लांबी भरणे कोणासही जमते. भरलेली लांबी मूळच्या पत्र्याशी इतकी एकजीव व्हावी की तिचा माग त्या शेजाऱ्यासही लागू नये, हे सर्वस्वी पॉलिशपेपरच्या हाती असते. आणि त्या कागदाचे येथील घराणे मोठे खानदानी आहे. जॉन ओकी नामक लंडनकराने १८३३ साली काचकागदाचा धंदा सुरू केला. पुढे त्याची पेढी वेस्टमिन्स्टर ब्रिज रोडवर वेलिंग्टन मिल्स या नावाने नांदली आणि तिच्या मालावर ड्यूक ऑफ वेलिंग्टनची छबी झळकू लागली. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे १८०३ साली शिंदे-भोसल्यांच्या फौजेस ज्याने रगडले, तोच हा सेनापती, तेव्हाचा नुसता आर्थर वेलस्ली. घासण्यारगडण्याच्या व्यवसायास याहून समर्पक आश्रयदाता मिळाला नसता. आणि मराठी मनुष्याने त्याच्या नावाचा कागद बोटांखाली धरून झिजवावा, यात असईची अल्पशी फेड होते, असे मला उगाचच वाटते.

आता नंबरांविषयी. कागदाच्या पाठीवर ‘पी’ या अक्षरापुढे जो आकडा असतो, तो जितका लहान तितका दाणा दांडगा. ही उतरंड थेट आपल्या महसूल खात्याबरहुकूम चालते. ८० नंबरचा तलाठी प्रथम लांबीचे उंचवटे निर्दयपणे छाटतो. १२० चा सर्कल तलाठ्याने काढलेले ओरखडे मिटवतो. १८० चे मामलेदार कडा बेमालूम करून प्रायमरची मंजुरी देतात. आणि प्रायमर वाळल्यावर ४०० चे प्रांतसाहेब व ८०० चे कलेक्टरसाहेब मृदू हाताने अखेरची सही करतात. एखाद्या उतावळ्याने वशिला लावून तलाठ्याचे प्रकरण परभारे कलेक्टरांपुढे नेले, तर साहेब वरवरचा तुळतुळीतपणा दाखवून मोकळे होतात, आणि तलाठ्याचे ओरखडे प्रायमर व रंग आकसले की पुढच्या लख्ख उन्हात फेरचौकशीच्या नोटिशीप्रमाणे वर येतात. येथे लख्ख ऊन केव्हा पडेल याचा नेम नसल्याने नोटिशीची मुदत तेवढी लांबते.

परंतु नंबर छापला म्हणजे अंमलदार लायक ठरत नाही. स्वस्ताईच्या दुकानांतून जे सरमिसळ पुडके मिळते, त्यातला ताव दुमडताच दाण्यांची पखरण होते. ते एक वेळ परवडले. खरा घात निराळा. हलक्या मालात १८० च्या गर्दीत ८० चा एखादा गुंड दाणा दडून बसलेला असतो आणि तो एकटा दिवसभराच्या कामावर नांगर फिरवतो. चांगल्या कागदाचे दाणे एका मापाचे असतात, आणि लांबी घासण्याच्या कागदावर बहुधा झिंक स्टिअरेटचा पांढुरका लेपही असतो, ज्यामुळे भुकटी दाण्यांत अडकून कागद बोथट होत नाही. तो रबरी ठोकळ्याला गुंडाळावा, नाकातोंडास मास्क बांधावा, आणि पृष्ठभागावर काळी भुकटी चोळून मग घासावे : जेथे काळे उरले तेथे खळगा. शेवटचा निकाल मात्र डोळे मिटून, सपाट तळव्याने द्यावा. डोळा मालकाच्या बाजूने साक्ष देतो. तळवा देत नाही.

प्रायमरसाठी काळा वॉटरपेपर. तो भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात भिजवून वापरावा; उघड्या लांबीजवळ मात्र नेऊ नये, कारण ती पाणी पिते आणि खालच्या पत्र्यास गंजाच्या रूपाने पाजते. १९२१ साली ३एम कंपनीने बाजारात आणलेला हा कागद मूळ फिलाडेल्फियाच्या फ्रान्सिस ओकी या शाईवाल्याचा शोध (योगायोगाने हाही ओकीच, केवळ स्पेलिंग निराळे). मोटारी रंगवणाऱ्यांच्या फुप्फुसांवर त्याचे थोर उपकार आहेत. याच गृहस्थाने पुढे वस्तऱ्याऐवजी बारीक पॉलिशपेपरने दाढी घासावी अशी सूचना केली होती आणि स्वतःच्या गालांवर तो प्रयोग करीतही असे, असे सांगतात. ही हकीकत मी घरी मोठ्या कौतुकाने सांगितल्यापासून, ज्या शनिवारी पाहुणे येणार आणि मी मोटारीखाली असणार, त्या शनिवारी माझ्या दाढीच्या सामानाशेजारी ३२० चा पाव ताव नीट घडी करून ठेवलेला आढळतो.