जमाकाका

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा पाय मोडला, की सगळ्यांत आधी भेटायला येतात ते जमाकाका. प्लास्टरवर बोटानं टकटक करतात, एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून निरखतात आणि म्हणतात, "पण एक बघा हं, डावा आहे." उजवा असता तर काय झालं असतं, हे ते कधीच सांगत नाहीत. त्यांच्या दृष्टीनं मुद्दा संपलेला असतो. आपण कण्हत पडलेलो, आणि आपलीच बायको आत चहा टाकता टाकता खुदकन हसते.

हे नाव पोरांनी ठेवलं. खरं नाव सोसायटीच्या फलकावर 'खजिनदार' या शब्दापुढे आहे, आणि दुसरं कुणी उभंच राहत नसल्यामुळे ते पुसायची वेळ कधी आली नाही. उभी हयात फोर्टातल्या एका खासगी कंपनीच्या हिशेब खात्यात गेली. डोंबिवलीहून जायचं आणि डोंबिवलीला यायचं. "वहीला दोन बाजू असतात. नावेची बाजू वाचायला सगळं जग बसलंय, मी आपली जमेची वाचतो," असं त्यांनी आम्हाला जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, झालंच तर वीजबिलाच्या रांगेतही ऐकवलेलं आहे.

त्यांचं दप्तर म्हणजे स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. दुधाचा खाडा, सिलिंडरची तारीख, बाईची दांडी, एवढं त्या चौकोनांत कुणीही लिहितं. काकांच्या चौकोनात त्याखाली हिरव्या शाईनं आणखी एक ओळ असते. 'चौथी सीट, कळव्यापासून.' 'भेंडी कोवळी निघाली.' 'साहेब रजेवर.' आणि ३१ डिसेंबरला, जुनं कालनिर्णय खिळ्यावरून उतरवायच्या आधी, या हिरव्या ओळींचं गच्चीवर जाहीर वाचन होतं. पावभाजी असते म्हणून आम्ही जातो.

२०२० साली आम्हाला वाटलं, या खेपेला काका सुटले आणि आपणही सुटलो. कोण काय वाचणार होतं? माझा पगार कापला गेला, तेव्हा मी त्यांना ते मुद्दाम सांगितलं होतं, बघू या काय काढतात म्हणून. "पण एक बघा, करही कमी," ते म्हणाले. त्या क्षणी माझ्या हातात सॅनिटायझरची बाटली होती आणि मी ती त्यांच्या दिशेनं दाबली नाही, हे माझ्या जमेला धरायला हरकत नाही.

पण वाचन झालंच. रात्री अकरानंतर संचारबंदी होती, त्यामुळे नऊलाच. गच्चीऐवजी जिन्यात. सगळे आपापल्या दारात मास्क लावून, आणि काका मधल्या मजल्याच्या वळणावर, कालनिर्णय छातीशी धरून. पावभाजी ज्यानं त्यानं आपापल्या घरी केलेली.

"वीस मार्च, शुक्रवार. येताना खिडकी मिळाली."

जिन्यात जरा शांतता पसरली. कारण त्यानंतर ऑफिसं बंद झाली, दोन दिवसांनी लोकल थांबल्या आणि ३१ मार्चला काका घरबसल्या निवृत्त झाले. निरोप समारंभासाठी त्यांनी भाषण लिहून ठेवलं होतं. काकूंनी त्यांचा सफारी इस्त्रीला दिला होता, तो इस्त्रीवाल्याकडेच अडकला. आपला हा शेवटचा प्रवास आहे हे त्या शुक्रवारी त्यांना कुठं माहीत होतं? काकांचं म्हणणं, माहीत नव्हतं म्हणूनच वारा खात, सुखानं झोपून येता आलं.

"पंचवीस मार्च, पाडवा. गुढीला सगळे घरात. अठ्ठावीस मार्च, रामायण परत सुरू. सत्त्याऐंशी साली आठवडाभर वाट बघायला लागायची, आता सकाळ-रात्र दोन्ही वेळेला. पाच एप्रिल, नऊ मिनिटं दिवे. समोरच्या इमारतीत एवढी माणसं राहतात हे कळलं."

"एप्रिल, हिनं घरीच केस कापले. कटिंगचे पैसे वाचले."

"कानही वाचला, तेही लिहा," दाराआडून काकू.

"तीन जून, निसर्ग वादळ. मागचं जांभळाचं झाड पडलं. माझ्या स्कूटरवरच पडलं, पण ती आधीपासून चालत नव्हती."

मग त्यांनी पान उलटलं, आणि लगेच आणखी एक उलटलं. तळमजल्यावरच्या चिरंजीवांच्या हे लक्षात आलं. "काका, जुलै राहिला."

"जुलै नावेला," काका म्हणाले आणि पुढे वाचू लागले.

तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा जुलैत गेले. घरातले बाकीचे तापानं आडवे, दाराला पालिकेचा कागद. रोज दोन वेळा त्या दाराच्या कडीला डब्याची पिशवी अडकवलेली असायची आणि पिशवी काकूंच्या पिवळ्या कापडाची होती, त्यामुळे कुणाची हे विचारायला नको होतं. त्या घरी मात्र काका 'पण एक बघा' म्हणाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. आणि डब्यांची ओळ ना हिरव्या शाईत होती, ना निळ्या.

"ऑगस्ट. दीड दिवसाचा गणपती, बादलीत विसर्जन. खाडीपर्यंत चालावं लागलं नाही. नोव्हेंबर, कंपनीकडून कुरिअरनं शाल आली. मार्चमध्ये मिळाली असती तर उकाड्यात काय करायची होती? नेमकी थंडीच्या तोंडावर आली." काकांनी खांद्यावरची शाल सारखी केली. नारळ आला नव्हता, पण कुरिअरमध्ये तो टिकला नसता असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

शेवटची नोंद २१ डिसेंबरची. त्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला गच्चीत चुन्यानं आखलेल्या गोलांत उभं करून पश्चिमेला गुरू-शनीची युती दाखवली होती. "इतके जवळ आले ते १६२३ नंतर आत्ता. यापुढे २०८०. म्हणजे बघा, आपलं सालच नेमकं साधलं."

"शनी एवढा जवळ आला, तोही जमेलाच का?" काकूंनी विचारलं.

काकांनी चष्म्यावरून दाराकडे पाहिलं. "जवळ नुसते दिसले हो. मधे त्र्याहत्तर कोटी किलोमीटर होते. नियम पाळलाय त्यांनी."